फ्लॉवरहॉर्नसोबत कोण राहील? ३ फुटी टँक, २ मासे गेले, मदत करा

चिंचवडकर७७

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच लिहितोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या. पोस्ट लांबलीये पण अर्धवट सांगितलं तर तुम्ही उलट प्रश्न विचारणारच म्हणून सगळं एकदमच टाकतो.

झालं असं की माझ्या मेहुण्याची बदली झाली बंगळुरूला आणि जाताना तो त्याचा फ्लॉवरहॉर्न मासा टँकसकट आमच्या गळ्यात मारून गेला. म्हणे दाजी वास्तूला चांगला असतो, पैसा खेचतो. पैसा खेचतो हे खरंय, पण माझ्या खिशातून. टँक आहे ३ बाय सव्वा बाय सव्वा फूट, वर टॉप फिल्टर, खाली निळे खडे, एक प्लास्टिकचा किल्ला. आला तेव्हा ४ इंचाचा होता, १० महिन्यात ७ च्या पुढे गेलाय, डोक्यावरचं टेंगूळ पण मस्त आलंय. बायकोने नाव ठेवलंय सरपंच, कारण सकाळी आपण हॉलमध्ये आलो की काचेजवळ येऊन असा बघतो की जणू आपली घरपट्टी थकलीये.

आता मेन मुद्दा. मुलगी तिसरीत आहे, ती रोज मागे लागायची की बाबा तो एकटाच आहे बिचारा त्याला मित्र आणा ना. दुकानात विचारलं तर तो म्हणाला सिल्व्हर डॉलर न्या, चपटे असतात, त्याच्या तोंडात मावत नाहीत त्यामुळे काही करणार नाही, आणि एक सकर न्या, काच साफ ठेवतो. ४ डॉलर १ सकर आणले. पहिला दिवस सगळे कोपऱ्यात गप्प उभे, सरपंच पण लांबूनच बघत होता, मला वाटलं जमलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसवरून आलो तर एक डॉलर तळाला, शेपटी पार खलास, खवले निघालेले. तिसऱ्या दिवशी दुसरा. उरलेले दोघं फिल्टरच्या पाइपमागे अंग चोरून उभे आहेत, खायला पण बाहेर येत नाहीत. सकरचा एक डोळा गेलाय. पोरगी रडून रडून बेजार आणि आता ती सरपंचाशी बोलत नाही.

दुकानदाराला फोन केला तर म्हणे नवीन आहेत ना, आठवडाभर भांडतील मग सेट होतील. खरंय का हे? की याच्यासोबत दुसरा कुठला मासा चालतो? कोणी म्हणतं ऑस्कर, कोणी म्हणतं ब्लड पॅरट, कोणी म्हणतं मधे काच टाक. टँक ४ फुटी केला तर सुटेल का हा प्रश्न? जागा आहे हॉलमध्ये, फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे. पाणी महापालिकेचं, कधीकधी बोअरचं मिक्स. जरा सविस्तर सांगा, मला यातलं शून्य कळतं.

जुना_टँकवाला

दादा आधी एक काम करा, उत्तर नंतर वाचा. ते दोन डॉलर आणि सकर आजच्या आज बाहेर काढा. घरात ५०-६० लिटरचा प्लास्टिकचा टब असेल तर तो घ्या (साबण कधी न लागलेला), त्याच टँकचं पाणी भरा, एअर पंपाला स्पंज फिल्टर लावा, वरून जाळी किंवा टॉवेल झाका कारण घाबरलेला डॉलर उडी मारतो. आठवडाभरात सेट होतील वगैरे काही होत नाही. आठवडाभरात भांडण थांबतं हे खरं, पण भांडायला समोर कोणी उरत नाही म्हणून.

काढले? आता बसून वाचा.

दुकानदाराने सांगितलेलं "तोंडात मावत नाही म्हणून मारणार नाही" हे सगळ्यात जास्त मासे मारणारं वाक्य आहे या धंद्यातलं. तुमचा सरपंच डॉलरला खायला मारत नव्हता हो, हद्दीतून हाकलत होता. हा फरक लक्षात घ्या, सगळं त्यातच आहे. हा मासा मुळात निसर्गात नाहीच, मलेशियात १९९० च्या दशकात मध्य अमेरिकेतले वेगवेगळे सिक्लिड (एकाच मोठ्या कुळातले मासे) एकमेकांत मिसळून तयार केलेला आहे. त्यात ट्रायमॅक आहे, रेड डेव्हिल आहे. रेड डेव्हिल हा निकाराग्वाच्या तळ्यांमधला, नावातच आलं काय ते. हे सगळे आईबाप दोघं मिळून अंड्यांची पिल्लांची राखण करणारे मासे, म्हणजे एक जागा पकडायची, साफ करायची आणि तिथे कोणी फिरकलं की मारायचं, हेच त्यांचं आयुष्य. गावाकडे बांधावरून भावाभावात कोयता निघतो तसलंच समजा. तळ्यात काय होतं, हाकललेला मासा २० फूट लांब पळतो, विषय संपला. तुमच्या टँकमध्ये तो पळणार कुठे? टँकच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळी सरपंचाचीच जमीन. पळून पळून तो परत त्याच्याच समोर येतो आणि सरपंचाला वाटतं हा मुद्दाम परत आला.

आता तुमच्या टँकचा हिशोब. ३ गुणिले सव्वा गुणिले सव्वा म्हणजे पावणेपाच घनफुटाच्या आत, एका घनफुटात २८ लिटर, म्हणजे काठोकाठ भरला तर १३० लिटर. खडे, किल्ला, वरची रिकामी जागा वजा केली की ११०-११५. हा मासा १० ते १२ इंच होतो आणि नीट ठेवला तर ८-१० वर्षं जगतो. त्याला एकट्याला, परत लिहितो, एकट्याला, २८०-३०० लिटर लागतात. आणि लिटरपेक्षा पण रुंदी बघा. तुमची रुंदी सव्वा फूट म्हणजे १५ इंच, १२ इंची मासा त्यात वळणार कसा? उंचीचा त्याला काडीचा उपयोग नाही, दुकानात उंच टँक गळ्यात मारतात दिसायला भारी म्हणून. ४ बाय २ बाय २ घ्या, साडेचारशे लिटर होतात, मग पुढची आठ वर्षं टँकचं नाव काढायला नको. अगदीच जागा नसेल तर ४ बाय दीड बाय पावणेदोन, त्याच्या खाली येऊ नका.

पण हे एकट्यासाठी सांगतोय. ४ फुटात सोबत आणून ठेवाल तर परत तेच.

आणि पोरीला सांगा तो बिचारा नाहीये. एकटेपणा वगैरे आपल्याला वाटतो. हा मासा माणसं ओळखतो, बोटामागे फिरतो, काचेजवळ येऊन नाचतो, त्याची सोबत म्हणजे तुम्ही. पिंगपाँगचा बॉल टाका पाण्यावर, दिवसभर फुटबॉल खेळेल. कधीतरी पाच मिनिटं आरसा दाखवा, फुगारून दाखवेल, व्यायाम होतो. पाचच मिनिटं, कायमचा आरसा लावून ठेवू नका, वेडा होईल.

मालवणी_म्हावरा

ता सगळा ठीक आसा, पण तळून कसो लागता ह्यो?

चिंचवडकर७७

हाहा मालवणी भाऊ, बायको पण दुसऱ्या दिवशी हेच म्हणाली.

जुना_टँकवाला दादा, काढले तिघांना. अंडी उकडायचा मोठा टोप नाही चालला, गच्चीवरचा पाणी साठवायचा टब आणला. डॉलर अर्ध्या तासात मोकळे फिरायला लागले, एवढा फरक पडेल असं वाटलं नव्हतं. सकर मात्र तळाला चिकटून आहे. त्याचा डोळा बरा होईल का?

जुना_टँकवाला

डोळा येणार नाही परत. पण सकर एका डोळ्याने आरामात जगतो, पाणी स्वच्छ ठेवा म्हणजे जखमेवर बुरशी धरणार नाही. रोज पाव टब पाणी बदला आठवडाभर. फ्लॉवरहॉर्न सकरचे डोळेच फोडतो, कारण बाकी अंगावर त्याच्या चिलखत असतं, दात लागायला मऊ जागा तेवढीच. आणि उलटं पण होतं बरं का, सकर मोठा झाला की रात्री झोपलेल्या माशाच्या अंगाला चिकटून वरचा बुळबुळीत थर चाटतो, सकाळी बघाल तर माशाच्या कुशीवर लालसर गोल डाग. "काच साफ करतो" म्हणून घेतात सगळे, पण हाच सकर दीड फुटाचा होतो आणि शी एवढी करतो की काच साफ आणि तळ उकिरडा.

पॅरटप्रेमी

मी जरा वेगळं सांगतो. सगळे म्हणतात फ्लॉवरहॉर्न एकटाच ठेवायचा, पण माझ्याकडे ५ फुटी टँकमध्ये एक फ्लॉवरहॉर्न, ३ ब्लड पॅरट, १ सकर असे दीड वर्षापासून आहेत. काही प्रॉब्लेम नाही. मासा मासा वेगळा असतो, सगळ्यांना एकाच मापात तोलू नका. मी आधी पॅरट टाकले, ते महिनाभर राहिले, मग फ्लॉवरहॉर्न सगळ्यात शेवटी टाकला, म्हणजे तो पाहुणा झाला. आणि टाकायच्या आधी सगळी दगडं सजावट हलवून टाकली म्हणजे कोणाचीच जुनी जागा राहिली नाही. ही ट्रिक वापरून बघा.

जुना_टँकवाला

ट्रिक बरोबर आहे तुमची, सजावट हलवणं आणि दादागिरी करणाऱ्या माशाला शेवटी टाकणं दोन्ही करतातच. दोन प्रश्न विचारतो, रागावू नका. तुमचा नर आहे का मादी? आणि पॅरटच्या शेपट्या पूर्ण आहेत का?

पॅरटप्रेमी

मादी असावी, डोक्यावर फार काही नाही, मधे काचेवर अंडी दिली होती. शेपटीचं म्हणाल तर एकाची थोडी फाटते अधूनमधून, परत येते.

जुना_टँकवाला

बघा म्हणजे. मादी, त्यातून स्वभावाने गरीब, टँक ५ फुटी, आणि तरीही शेपटी फाटतेय. ज्या दिवशी परत अंडी घालेल त्या दिवशी सांभाळा, तिन्ही पॅरट एका कोपऱ्यात असतील. पॅरटचं तोंड पण नीट मिटत नाही, तो उलटून चावूच शकत नाही बिचारा. जमलंय तुमचं, छान आहे, पण ज्याचा नर ७ इंचाचा आहे आणि आधीच दोन खून नावावर आहेत त्याला हे सांगू नका हो.

वैदर्भी_ऑस्कर

पॅरटप्रेमी, तुम्हाला आत्ता वाटते ना तसंच मला पण वाटायचं. माझी गोष्ट ऐका.

मी नागपूरला असते. ६ बाय २ बाय २ चा टँक आहे, सहाशे लिटरच्या वर. त्यात एक ऑस्कर आणि एक फ्लॉवरहॉर्न दोघंही ३-३ इंचाचे असताना एकत्रच आणले होते, एकत्र वाढले. दोन वर्षं! दोन वर्षं काही म्हणजे काही नाही, थोडं तोंडाला तोंड लावणं, ढकलाढकली, बस. मी सगळ्यांना सांगत फिरायची की लहानपणापासून सोबत ठेवले की जमते. मग एका मे महिन्यात आम्ही लग्नाला गेलो दोन दिवस, घरात कूलर बंद, पाणी ३४ च्या वर गेलं असेल. गरम पाण्यात एक तर ऑक्सिजन कमी राहतो आणि वरून यांची भूक, तापटपणा सगळंच वाढते. आलो तर ऑस्कर एका कोपऱ्यात आडवा, ओठ सोललेले, एक कल्ला उघडा. फ्लॉवरहॉर्न मस्त मध्यभागी, खड्ड्यात. हो, खड्डा खणला होता त्याने, खालची काच दिसेपर्यंत. म्हणजे जोडीची तयारी, जोडी नसताना.

ऑस्कर वाचला कसाबसा, दोन महिने वेगळा ठेवला, मिठाचं पाणी, रोज पाणी बदल. फ्लॉवरहॉर्न मी नंतर एका ओळखीच्या मुलाला दिला ज्याच्याकडे ४ फुटी रिकामा होता.

म्हणून चिंचवडकर दादा, "सोबत चालते" असं कोणी म्हटलं ना की विचारा किती वर्षं आणि मासा किती इंचाचा झाला. पिल्लं सगळीच गुणी असतात. खरा स्वभाव ७-८ इंचाला कळते.

दुसरं म्हणजे तुम्हाला जर मोठे मासे सोबत फिरताना बघायची हौस असेल तर मासा बदलावा लागते, सोबती नाही. माझा ऑस्कर आता ६ फुटात एकटाच सिक्लिड आहे आणि त्याच्यासोबत ७ सिल्व्हर डॉलर आहेत, तीन वर्षं झाली. ऑस्कर दिसायला गुंड पण मनाने म्हैस आहे हो. डॉलर नेहमी ६ च्या वर ठेवायचे, दोघं-चौघं ठेवले की घाबरट होतात, सारखे काचेवर आदळतात, आणि समोरच्याला कळतेच कोण घाबरलेलं आहे ते. कळपात असले की तो कोणा एकाच्या मागे लागू शकत नाही. पण ऑस्कर पण १२-१३ इंचाचा होतो, ४ फुटात हे सगळं करायचं नाही, आणि झाडं लावली तर डॉलर सगळी पालेभाजी समजून खातात.

आणि पोरीचं मला वाईट वाटलं. तिला एक छोटा २ फुटी घेऊन द्या ना वेगळा. मॉली, प्लॅटी, गप्पी. बोअरचं जड पाणी मॉलीला तर उलट मानवते. पिल्लं देतात, पोरं खूश. फक्त ती पिल्लं जास्त झाली की कोणी सल्ला देईल सरपंचाला खायला घाला, ते नका करू, एक तर पोरगी परत रडेल आणि दुसरं असल्या खाद्यातून रोग येते.

साधा_सरळ

एवढं डोकं कशाला लावताय. पवना नदी जवळच आहे तुमच्या, देव म्हणा आणि सोडून द्या. त्याला पण मोकळी जागा, तुम्हाला पण पुण्य.

जुना_टँकवाला

कृपया असलं सांगू नका कोणाला, गमतीत पण नको. सकर असाच "मोकळा" सोडलेला मासा आहे. तो दक्षिण अमेरिकेतला, आज आंध्रातल्या तलावांमध्ये कोळ्यांच्या जाळ्यात कधीकधी मासळीपेक्षा तोच जास्त येतो आणि काट्यांनी जाळी फाडतो, वाराणसीला गंगेतसुद्धा सापडलाय. हौशी लोकांच्या टँकमधूनच गेला ना तो. फ्लॉवरहॉर्न तर उघड उघड दादागिरी करणारा, वाट्टेल ते खाणारा, जड पाण्यात जगणारा. आपल्या नदीतले खवली, मरळ आधीच सांडपाण्याने मेटाकुटीला आलेत. नको असेल तर दुकानात परत द्या, इथे दत्तकच्या धाग्यावर टाका, चार जण लगेच येतील न्यायला. नदी म्हणजे कचरापेटी नाही.

चिंचवडकर७७

नाही नाही, सोडणार नाही कुठे. शिव्या घालतो पण जीव जडलाय त्याच्यावर.

मग ठरवतोय ४ बाय २ बाय २. एका ठिकाणी कोटेशन घेतलं, तो म्हणतो १० एमएमची काच पुरे, दुसरा म्हणतो १२. आणि मधे काच टाकून एका बाजूला सरपंच एका बाजूला डॉलर असं जमेल का? आणि तिसऱ्या मजल्यावर एवढं वजन चालेल ना? बायकोने हा प्रश्न विचारल्यापासून मला झोप नाही.

स्लॅब_आणि_बीम

मासे माझा विषय नाही, इथे बायकोच्या गोल्डफिशमुळे आहे, पण वजनाचं मी सांगू शकतो कारण पोटापाण्याचा धंदाच तो आहे.

४ बाय २ बाय २, वरून दोन इंच रिकामं सोडलं तर पाणी ४१५ किलो धरा. १२ एमएम काच साधारण ९० किलो. खडे २०-३०, लोखंडी स्टँड ४०. म्हणजे पावणेसहाशे किलो, आणि ते सगळं ८ चौरस फुटावर. राहत्या घराचा स्लॅब आपल्याकडे चौरस मीटरला २०० किलोच्या वापराच्या वजनासाठी डिझाइन करतात. तुमच्या टँकखाली ते होतंय ७५० च्या पुढे. वाचून घाबरू नका, २०० हे पूर्ण खोलीभर धरलेलं असतं, १० बाय १२ च्या खोलीला एकूण दोन टनाच्या वर होतं, त्यामुळे एका जागी जास्त आणि बाकी खोली मोकळी असं असेल तर लगेच काही पडत नाही. पण जागा महत्त्वाची. खोलीच्या मध्यभागी अजिबात नको, बाल्कनीत तर नाहीच नाही, बाहेर लोंबणारा स्लॅब असतो तो. भिंतीला लागून ठेवा, आणि अशा भिंतीला जिच्या खाली बीम आहे, कोपऱ्यात कॉलमजवळ मिळाली तर उत्तम. टँकची लांब बाजू भिंतीला समांतर. स्टँडच्या चार पायांखाली प्लेट टाका, नाहीतर चार टोकांवर सगळं वजन येऊन टाइल्सला तडा जातो. बिल्डिंग जुनी असेल, स्लॅबमधून गळती असेल, सळ्या दिसत असतील तर मात्र आधी इंजिनिअरला प्रत्यक्ष दाखवा, इथे विचारून ठेवू नका.

आणि हो, स्टँड लेव्हलमध्ये आहे का ते पाणी अर्धं भरल्यावर परत बघा. एका बाजूला पाणी वर दिसलं की थांबा.

जुना_टँकवाला

वा, हे कामाचं सांगितलंत. काच १२ ची घ्या, वर आडव्या पट्ट्या लावून घ्या, हा मासा काचेला धडका देतो. खाली टँक आणि स्टँडच्या मधे थर्माकोल न विसरता.

मधे पार्टिशन टाकणं, त्याचं उत्तर ४ फुटात नाही. दोन दोन फुटांचे दोन तुरुंग होतील, १२ इंचाच्या माशाला दोन फुटात काय करायचंय? ६ फुटी असता तर चाललं असतं. आणि टाकलंच कधी तर भोकं असलेली अॅक्रिलिकची जाड शीट, चारी बाजूंनी घट्ट. नुसती सरकवून ठेवलेली काच हा ढकलून पाडतो, मी स्वतः भोगलंय. सकाळी उठून बघतो तर पार्टिशन आडवं आणि पलीकडचा टेक्सास (तो पण सिक्लिडच) अर्धा. शिवाय पारदर्शक असलं की दिवसभर दोघं काचेवरून भांडतात, खाणं सोडतात.

शिफ्टिंगचं नीट ऐका, इथेच लोक मासा मारतात. नवीन टँक, नवीन फिल्टर, नवीन पाणी, असं सगळं चकाचक करून मासा टाकला की आठ दिवसात अमोनिया (माशाच्या घाणीतून होणारं विष) वाढतो आणि मासा वर येऊन धापा टाकतो. माशाची घाण पचवणारे जंतू फिल्टरच्या स्पंजमध्ये राहतात, पाण्यात नाही, त्यांना नवीन टँकमध्ये तयार व्हायला ४ ते ६ आठवडे लागतात. म्हणून जुना टॉप फिल्टर जसाच्या तसा नवीन टँकवर पण चालू ठेवा, सोबत नवीन मोठा लावा. दोन महिन्यांनी जुना काढा. जुना स्पंज नळाखाली धुवू नका, महापालिकेच्या क्लोरिनने सगळे जंतू मरतात, टँकच्याच काढलेल्या पाण्यात पिळा. फिल्टर तासाला अडीच-तीन हजार लिटर फिरवणारा बघा, हा खातो बैलासारखा.

पाणी दर आठवड्याला तिसरा हिस्सा बदला. अँटीक्लोरिन (क्लोरिन मारणारं औषध) टाकूनच. पावसाळ्यात गढूळ पाणी आलं की वरून क्लोरिन जास्त सोडतात, बादलीला वास येतो तेव्हा डोस बघून घ्या. ते निळे खडे काढून टाका किंवा पातळ थर ठेवा, तो खणतो तर खणू दे, पण दगड खड्यांवर ठेवू नका, थेट काचेवर बसवा, खणून खणून खालचं निघालं की दगड काचेवर पडतो.

हिवाळ्यात हीटर लागेल, पाणी २७ ते ३० मध्ये ठेवा. काचेचा हीटर असेल तर त्यावर जाळीचं कव्हर हवंच, हा शेपटीने फोडतो. आणि हात घालायच्या आधी हीटर, फिल्टर सगळ्याचं बटण बंद. वायर सॉकेटपेक्षा खाली लोंबती ठेवा म्हणजे वायरवरून ओघळलेला थेंब बोर्डात जात नाही. हात घालताना चावतो हे तुम्हाला माहीत असेलच.

चिंचवडकर७७

माहीत आहे म्हणजे काय, उजव्या हाताच्या करंगळीवर पुरावा आहे.

अजून एक, मेहुणा लाल रंगाचं खाणं देऊन गेलाय, दिवसातून ५-६ वेळा दे म्हणाला म्हणजे डोकं मोठं होतं. खरंय?

वैदर्भी_ऑस्कर

डोकं बापाकडून येते हो, डब्यातून नाही. नर असेल, रक्त चांगलं असेल, पाणी स्वच्छ असेल तर येणारच. दिवसातून दोनदा द्या, दोन मिनिटात संपेल एवढंच. जास्त दिलं की पोट फुगते, मग पांढरी दोऱ्यासारखी शी दिसायला लागते, मग आपण रात्री ११ वाजता इथे पोस्ट टाकतो "अर्जंट मदत करा". आठवड्यातून एक उपास. तुमच्याकडे चतुर्थी असेलच, त्याची पण धरा.

चिंचवडकर७७

दोन महिन्यांनी लिहितोय, सगळ्यांना अपडेट द्यायचं राहून गेलं होतं.

टँक आला, ४ बाय २ बाय २, १२ एमएम. सोसायटीच्या लिफ्टमध्ये मावला नाही, चार जणांनी जिन्याने वर आणला, दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी विचारलं कोणाला आणताय एवढ्या काळजीने. हॉलच्या कोपऱ्यात, कॉलमला लागून ठेवलाय. स्लॅब_आणि_बीम साहेब, अर्धा भरल्यावर खरंच एका बाजूला पाव इंच पाणी वर दिसलं, रिकामा करून पायाखाली पट्टी सारली, तुमच्यामुळे वाचलो.

जुना फिल्टर सोबत चालू ठेवला, सरपंचाने दोन दिवस जेवण सोडलं, किल्ल्याच्या मागे रुसून बसला, तिसऱ्या दिवशी सगळा टँक फिरून आला आणि मग एका रात्रीत डाव्या कोपऱ्यातले सगळे खडे तोंडाने उचलून उजवीकडे नेऊन टाकले. आता ९ इंच होत आला. एकटाच आहे. पिंगपाँगचा बॉल दिलाय, तो रात्री काचेवर आपटतो टक टक, आमची झोप गेली म्हणून आता रात्री बॉल काढून ठेवतो.

डॉलर इथल्याच एका मेंबरने नेले, त्यांच्याकडे सहा आधीचे होते, त्यात मिसळले, व्हिडिओ पाठवलाय त्यांनी, ओळखू पण येत नाहीत कोणते आपले. जुना ३ फुटी टँक मुलीला दिला. त्यात ५ मॉली आहेत, आता १९ झाल्यात, आणि एका डोळ्याचा सकर. तो मोठा झाला की सोय करावी लागणार माहीत आहे, पण ती ऐकतच नाही, तिने त्याचं नाव ठेवलंय उपसरपंच.

मालवणी_म्हावरा

१९ मॉली म्हंजे आता लग्नाचा जेवाण घालूक हरकत नाय. माका आमंत्रण धाड.

वैदर्भी_ऑस्कर

१९ वर थांबत नाहीत दादा. नर मादी वेगळे करा आत्ताच, नाहीतर दिवाळीपर्यंत तुम्हीच इथे "मॉली फुकट न्या" असा धागा काढाल.

चिंचवडकर७७

ताई, वेगळे करायला अजून एक टँक लागेल ना. बायकोला कोण विचारणार?